व्यवसायाचे मैल आणि घरचे मैल

जानेवारी लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत येऊ लागतो. लंडनच्या पश्चिमेला, स्लाउ ते हॅरो या टापूत, मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते आणि त्यांतले बरेचसे मराठी आहेत. घरोघरी जाऊन तबला शिकवणारे, सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळे सांगणारे गुरुजी, फराळाच्या ऑर्डरी पोचवणाऱ्या ताई, इलेक्ट्रिशियन, भाषांतरकार अशी ही मंडळी आहेत. ३१ जानेवारीपर्यंत सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे आपल्या कराचा हिशेब आपणच मांडण्याचा, अर्ज भरायचा असतो आणि त्याआधी प्रत्येकाला जाणून घ्यायचे असते, की "गाडीचे मैलाला किती मिळतात?"

दराचे उत्तर एका वाक्यात देता येते. स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला कारसाठी किंवा व्हॅनसाठी व्यवसायाच्या पहिल्या १०,००० मैलांना प्रत्येकी ४५ पेन्स, त्यापुढच्या मैलांना २५ पेन्स आणि मोटारसायकलसाठी सरसकट २४ पेन्स असा दर धरून खर्च दाखवता येतो. कारचा हा दर एप्रिल २०११ मध्ये ४० पेन्सवरून ४५ वर आला आणि २०२५-२६ या करवर्षासाठीही तोच आहे. दरम्यान पेट्रोलचे, विम्याचे आणि गॅरेजचे दर कुठे गेले हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको, त्यामुळे हा आकडा इतकी वर्षे गोठवून ठेवणे मला अन्यायाचेच वाटते. सेल्फ-एम्प्लॉइड लोकांसाठी ही पद्धत २०१३ च्या वित्त कायद्याने २०१३-१४ पासून कायद्यात आणली. तोवर ती लहान व्यावसायिकांना एचएमआरसीने, म्हणजे इथल्या कर खात्याने, दिलेली एक मुभा होती.

"मिळतात" या समजुतीतला घोटाळा मात्र आधी दूर करायला हवा, कारण सरकार हे ४५ पेन्स कोणाच्या हातात ठेवत नाही. ते फक्त नफ्यातून वजा होतात आणि वजा झालेल्या रकमेवरचा कर तेवढा वाचतो. समजा, एखाद्याने वर्षभरात व्यवसायासाठी १२,००० मैल गाडी चालवली, तर पहिल्या १०,००० मैलांचे ४,५०० पौंड आणि उरलेल्या २,००० मैलांचे ५०० पौंड असा एकूण ५,००० पौंडांचा खर्च नफ्यातून कमी होईल. त्याचा नफा १२,५७० आणि ५०,२७० पौंडांच्या दरम्यान असेल, तर इंग्लंडात त्यावर २० टक्के प्राप्तिकर आणि एप्रिल २०२४ पासून ६ टक्के क्लास ४ नॅशनल इन्शुरन्स (स्वतंत्र व्यावसायिकांची सामाजिक विम्याची वर्गणी) लागतो, म्हणजे प्रत्यक्षात वाचतात ते १,३०० पौंड. ४५ पेन्सच्या एका मैलामागे हिशेब केला तर पावणेबारा पेन्सही होत नाहीत. नफा ५०,२७० च्या वर गेलेल्याला त्या वरच्या भागावर ४२ टक्क्यांच्या हिशेबाने मैलाला सुमारे १९ पेन्स वाचतात, आणि ज्याचे सगळे मिळून उत्पन्न १२,५७० च्या आतच आहे त्याचे काहीच वाचत नाही, कारण त्याला मुळात कर लागत नाही. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचे टप्पे वेगळे असल्याने तिथला आकडा निराळा येतो. ज्यांची वर्षाची जमा हजार-बाराशे पौंडांची आहे त्यांनी एक गोष्ट आधी ताडून पाहावी. १,००० पौंडांची सरसकट ट्रेडिंग अलाउन्स, म्हणजे खर्चाऐवजी मिळणारी ठोक वजावट, घेतली, तर मैलांसकट दुसरा कोणताही खर्च दाखवता येत नाही. दोहोंपैकी एकच काय ते घ्यावे लागते.

या दरात काय काय येते, हेही नीट कळलेले नसते. फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी मागे माझ्यापुढे कापडी पिशवी उपडी केली होती. तीत वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या महिन्यामहिन्याने रबरबँड लावून ठेवलेल्या होत्या, आणि उन्हात राहिल्याने निम्म्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरा झाला होता. भारतातून आलेल्या माणसाला हे अगदी स्वाभाविक वाटते, कारण तिकडे गाडीचा खर्च दाखवायचा म्हणजे बिले जपायची, खासगी वापराचा हिस्सा वगळायचा आणि घसारा काढायचा, हीच रीत अंगवळणी पडलेली असते. इथे मैलाच्या दराने खर्च दाखवायचा असेल, तर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर, दुरुस्ती, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), रोड टॅक्स आणि गाडीची झीज हे सगळे त्या ४५ पेन्समध्येच आले. त्यासाठी पावत्यांची पिशवी लागत नाही आणि त्यांपैकी काहीही वेगळे दाखवता येत नाही. ताईंकडे पिशवीभर पावत्या होत्या, पण कोणत्या दिवशी कोणाकडे चकल्या पोचवल्या याची नोंद नव्हती, आणि नेमकी तीच हवी होती. सुदैवाने ऑर्डरींचे व्हॉट्सॅप संदेश पत्त्यांसकट शाबूत होते, त्यांवरून आम्ही वही तयार केली.

दराच्या बाहेर राहणाऱ्या आणि वेगळ्या दाखवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: त्या विशिष्ट फेरीसाठी भरलेले पार्किंग, टोल, लंडनचा कंजेशन चार्ज, जुन्या गाडीला पडणारे यूलेझचे, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण पट्ट्याचे, दिवसाचे साडेबारा पौंड, थेम्स ओलांडताना लागणारे डार्टफर्ड क्रॉसिंगचे शुल्क, आणि गाडी कर्जाने घेतली असल्यास व्याजातला व्यवसायाचा हिस्सा. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझची हद्द लंडनच्या सगळ्या बरोंपर्यंत (प्रशासकीय विभागांपर्यंत) पोचली आहे, त्यामुळे जुनी डिझेल गाडी घेऊन हॅरो-वेम्बलीत शिकवण्यांना जाणाऱ्यासाठी हे शुल्क किरकोळ राहिलेले नाही; त्याच्या पावत्या मात्र जरूर ठेवाव्यात. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड यात बसत नाही, मग तुम्ही ग्राहकाच्या दारात कितीही घाईत गाडी लावलेली असो.

मैलाचा दर घ्यावा की प्रत्यक्ष खर्च दाखवावा, हा निर्णय एकदाच आणि विचार करून घ्यायचा असतो. एखाद्या गाडीसाठी मैलाची पद्धत सुरू केली, की ती गाडी व्यवसायात आहे तोवर त्याच पद्धतीने चालावे लागते. उलट ज्या गाडीवर तुम्ही आधीच कॅपिटल अलाउन्स, म्हणजे घसाऱ्यासाठीची इथली वजावट, घेतला आहे, किंवा जिची किंमत खर्चात टाकली आहे, तिला नंतर मैलाचा दर लावता येत नाही. काळ्या लंडन टॅक्सीसारख्या धंद्यासाठीच बनवलेल्या गाड्या आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या दुहेरी पेडलच्या गाड्या या सवलतीतून मुळातच वगळलेल्या आहेत. एक उदाहरण घेऊ. ६,००० पौंडांना घेतलेली एक जुनी पेट्रोल कार आहे, वर्षाला १२,००० मैल चालते, त्यांतले ८,००० व्यवसायाचे, आणि तिच्यावर इंधन, विमा, दुरुस्ती मिळून ३,३०० पौंड खर्च होतो. प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीने दोनतृतीयांश म्हणजे २,२०० पौंड, आणि गाडीच्या किमतीवर ६ टक्क्यांनी निघणाऱ्या ३६० पौंडांच्या कॅपिटल अलाउन्सचा दोनतृतीयांश म्हणजे २४०, असे २,४४० पौंड दाखवता येतील. मैलाच्या दराने तोच आकडा ३,६०० होतो. साधी, जुनी, पण बरीच फिरणारी गाडी असणाऱ्याला मैलाचा दर बहुतेक वेळा सरस ठरतो. हाच माणूस २०२४-२५ मध्ये ३०,००० पौंडांची कोरी विजेवरची कार घेता, तर शून्य उत्सर्जनाच्या नव्या गाडीला पहिल्याच वर्षी पूर्ण किमतीचा अलाउन्स मिळत असल्याने त्याला २०,००० पौंड एकदम वजा करता आले असते, आणि तिथे ३,६०० कडे बघण्याचे कारण उरले नसते. अशी गाडी पुढे विकल्यावर आलेल्या किमतीतला व्यवसायाचा हिस्सा मात्र नफ्यात परत जमा होतो, हे विक्रेता सांगत नाही. हिशेबनिसाने सांगायला हवे.

इथवरची सगळी आकडेमोड आहे आणि ती कोणालाही जमेल. खरा प्रश्न, ज्यावर माझा निम्मा वेळ जातो, तो म्हणजे कोणता मैल व्यवसायाचा आणि कोणता घरचा. कायद्याची कसोटी अशी, की खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असला पाहिजे. राहत्या घरापासून कामाच्या ठरलेल्या जागी जाणे या कसोटीत बसत नाही, कारण घर दूर घेणे ही तुमची सोय असते, व्यवसायाची गरज नव्हे. पण घर हीच कामाची जागा असली तर? या प्रश्नावर इथल्या न्यायालयांनी वेळोवेळी जे निर्णय दिले, त्यांतले दोन-तीन माहीत असले की बहुतेक गुंते आपले आपणच सोडवता येतात.

१९५२ मधल्या न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन या खटल्यातले बॅरिस्टर लंडनबाहेर व्हिप्सनेडला राहत आणि त्यांचे चेंबर, म्हणजे वकिलीची कचेरी, लंडनमध्ये लिंकन्स इनला होते. घरी त्यांची अभ्यासिका होती आणि संध्याकाळी, तसेच न्यायालयाच्या सुट्ट्यांत, ते तिथे खटल्यांचे काम करीत, म्हणून घर ते चेंबर हा रेल्वेखर्च त्यांनी मागितला. अपील न्यायालयाने तो नाकारला. त्यांच्या व्यवसायाचे ठाणे चेंबर होते, आणि व्हिप्सनेडला ते जात ते तिथे घर होते म्हणून. पुढे १९७१ मध्ये हॉर्टन विरुद्ध यंग या खटल्यात ईस्टबोर्नचा एक गवंडी आला. तो उपकंत्राटावर विटांचे बांधकाम करी, एका ठिकाणचे काम काही आठवड्यांत उरकून पुढच्या ठिकाणी जाई, अवजारे आणि वह्या घरी ठेवी आणि कामाची बोलणीही घरीच करी. त्याच्या धंद्याला घराखेरीज दुसरे स्थिर ठाणेच नव्हते, म्हणून घरापासून प्रत्येक बांधकामापर्यंतचा प्रवास व्यवसायाचा ठरला. दोन्ही वेळा निकाल देणाऱ्यांत लॉर्ड डेनिंग होते, हे मला मोठे बोलके वाटते: बॅरिस्टर हरला आणि गवंडी जिंकला तो हुद्द्यामुळे नव्हे, तर धंद्याचे ठाणे कुठे आहे या एकाच प्रश्नामुळे.

तिसरा निर्णय इथल्या मराठी डॉक्टरांनी तरी आवर्जून लक्षात ठेवावा. सामादियन खटल्यात वृद्धांच्या आजारांचे एक तज्ज्ञ सल्लागार एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) पूर्ण वेळ नोकरी सांभाळून दोन खासगी रुग्णालयांत ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण पाहत. अहवाल, पत्रव्यवहार, अभ्यास हे सगळे ते घरातल्या कार्यालयात करीत. ते घरातले कार्यालय खरोखर व्यवसायाचेच आहे हे मान्य होऊनही, तिथून त्या खासगी रुग्णालयांपर्यंतचा प्रवास जानेवारी २०१४ मध्ये अपर ट्रायब्युनलने (वरिष्ठ न्यायाधिकरणाने) नामंजूर केला. तुम्ही एखाद्या जागी नियमितपणे, ठरल्या वेळी, पुढेही येत राहणार हे उघड असताना काम करत असाल, तर ती तुमच्या व्यवसायाची जागाच होते, आणि घरात टेबल-खुर्ची मांडल्याने तिथे जाण्याचा प्रवास व्यवसायाचा होत नाही. रुग्णाच्या घरी जाऊन तपासणे मात्र फिरतीचे काम, आणि तो प्रवास चालतो.

हे सगळे आमच्या तबलावादकाला लावून पाहू. ते स्लाउला राहतात. आठवड्यात हेझ, हौन्स्लो, अक्सब्रिज अशा भागांत मुलांच्या घरी जाऊन शिकवतात आणि शनिवारी सकाळी हॅरोत एक सभागृह भाड्याने घेऊन सामुदायिक वर्ग चालवतात. घरोघरच्या शिकवण्या हे फिरतीचे काम आहे. वाद्ये, वेळापत्रक, पालकांशी बोलणे आणि पैशांचा हिशेब हे सगळे घरून चालते, म्हणून ते मैल मी निःशंकपणे लिहिते. शनिवारचे सभागृह ही मात्र माझ्या मते त्यांची स्वतःची व्यवसायाची जागा आहे. वर्षभर, त्याच वारी, त्याच वेळी ते तिथे असतात, आणि डग्ग्या-तबल्याच्या पाच जोड्या गाडीत घातल्याने स्लाउ ते हॅरो हा प्रवास व्यवसायाचा होत नाही. वर्ग संपवून ते तिथूनच पुढे पिनरला एका विद्यार्थ्याकडे जातात, तो सभागृह ते पिनर हा टप्पा मात्र दोन कामांच्या मधला असल्याने धरता येतो. त्यांना हे पटायला वेळ लागला, कारण शनिवारची फेरीच सगळ्यांत लांब पडते. गुरुजींचे त्या मानाने सोपे आहे. गणेश चतुर्थीला सकाळी रेडिंग, दुपारी मेडनहेड आणि संध्याकाळी ईलिंग असे फिरताना प्रत्येक यजमान वेगळा, घर वेगळे, आणि पूजेचे साहित्य, पंचांग, दूरध्वनी सगळे घरी. तेच गुरुजी एखाद्या मंदिरात रोज सकाळच्या पूजेला बसू लागले, तर तिथवरचा प्रवास बाजूला काढावा लागेल.

वाटेत दुसरे काम उरकल्याने काय होते, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. १९७८ मधल्या सार्जंट विरुद्ध बार्न्स या खटल्यातले दंतवैद्य घरून दवाखान्यात जाताना रोज वाटेवरच्या प्रयोगशाळेत थांबून तयार कवळ्या घेत आणि तिथपासून पुढचा प्रवास व्यवसायाचा आहे असे म्हणत. न्यायालयाने ते मानले नाही. थांबण्याचे कारण खरे असले तरी घरून दवाखान्यात जाणे हा हेतू त्याने पुसला जात नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लेस्टरला ग्राहकाचे काम करण्यासाठीच निघालात आणि परतताना वाटेवरच्या दुकानातून भाजी घेतलीत, तर प्रवास व्यवसायाचाच राहतो. फक्त भाजीसाठी वाकडी वाट केली असेल तर तेवढे मैल वगळावेत. मात्र लेस्टरला मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाला जायचेच होते आणि जाता जाता एका ग्राहकाला पावतीपुस्तक देऊन आलात, तर ते मैल घरचेच समजावेत.

नोंदीविषयी मी कडक आहे. तारीख, कुठून कुठे, पोस्टकोड, कशासाठी आणि किती मैल, इतके पाच रकाने पुरतात, आणि साधी वही, फोनमधला तक्ता किंवा मैल मोजणारे एखादे ॲप यांपैकी काहीही चालते. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे ६ एप्रिल आणि ५ एप्रिलला, मीटरचा फोटो काढून ठेवायला मी सगळ्यांना सांगते, आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी होते, त्या वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो, आणि गाडीचा क्रमांक टाकला की तो इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य दिसतो. अर्जात व्यवसायाचे १४,००० मैल लिहिलेत आणि एमओटीच्या नोंदीप्रमाणे गाडी वर्षभरात एकूण ९,००० च चालली, तर तपासनिसाला पुढे फार विचारावे लागत नाही. दरवर्षी बरोबर १०,००० असा गोल आकडा लिहिणाऱ्यांनाही मी हेच दाखवते. निष्काळजीपणाने कर कमी भरल्याचे ठरले तर बुडालेल्या कराच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हेतुपुरस्सर केल्याचे ठरले तर त्याहून बराच अधिक. नोंदी ज्या वर्षाच्या आहेत त्या वर्षाचा अर्ज भरण्याच्या ३१ जानेवारीच्या मुदतीपासून पुढे पाच वर्षे जपाव्या लागतात. २०२४-२५ ची वही, म्हणून, ३१ जानेवारी २०३१ पर्यंत फेकू नये.

जाता जाता विम्याचेही पाहून घ्यावे. गाडीचा विमा फक्त घरगुती वापर आणि कामावर जाण्या-येण्यापुरता असेल, तर एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाताना झालेल्या अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मैलांची वही तुमच्याच विरुद्ध पुरावा होते. व्यवसायाच्या वापराची जोड घ्यायला फोनवर दहा मिनिटे लागतात.

आतापर्यंत वर्षातून एकदा बसून वही लावणे खपून जात असे, पण ते आता कठीण होणार आहे. मेकिंग टॅक्स डिजिटल ही पद्धत प्राप्तिकराला लागू होत आहे: व्यवसाय आणि घरभाडे मिळून खर्च वजा करण्यापूर्वीची जमा ५०,००० पौंडांच्या वर असलेल्यांना ६ एप्रिल २०२६ पासून, ३०,००० च्या वर असलेल्यांना २०२७ पासून आणि २०,००० च्या वर असलेल्यांना २०२८ पासून. हिशेब डिजिटल ठेवायचा आणि दर तिमाहीला गोषवारा पाठवायचा, असे तिचे स्वरूप आहे. इलेक्ट्रिशियनसारख्यांची जमा मालाच्या किमतीसकट मोजली जाते, त्यामुळे नफा फार नसतानाही ते या मर्यादेत लवकर येतील.

आयटीमधल्या ज्या मंडळींनी कंत्राटी कामासाठी स्वतःची लिमिटेड कंपनी काढली आहे, त्यांना वर लिहिलेले नियम लागू नाहीत. कायद्याच्या लेखी ते आपल्याच कंपनीचे नोकर असतात. दर तेच ४५ आणि २५ पेन्स असले तरी ते पैसे कंपनी त्यांना करमुक्त देते, आणि तात्पुरत्या कामाच्या जागेसाठी त्यांना २४ महिन्यांचा निराळा नियम पाहावा लागतो.

मागच्या अर्जात मैल लिहायचे राहूनच गेले असतील, तर मुदतीनंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज दुरुस्त करता येतो, म्हणजे २०२४-२५ चा अर्ज ३१ जानेवारी २०२७ पर्यंत. त्याहून जुन्या वर्षांसाठी, ते करवर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत, जादा भरलेला कर परत मागणारे पत्र एचएमआरसीला लिहावे लागते, आणि त्या पत्रासोबत आकडा कुठून आला हे दाखवता आले पाहिजे. जुन्या डायऱ्या, ग्राहकांना दिलेली बिले, फोनमधला प्रवासाचा इतिहास आणि बँकेतून गेलेले पार्किंगचे पैसे एकत्र केले, तर बहुतेकांना दोन वर्षे मागची वही बऱ्यापैकी उभी करता येते. त्याच्याही मागे जायचे असेल तर आधी त्या वर्षीचा नफा करपात्र होता का, तेवढे पाहून घ्यावे.